दाजींच्या विश्रामगृहाला आमची हरकत

मु. बेलतळे,
रंगपंचमी झाल्यावर, १९७८

तीर्थरूप दादास, धाकट्या बनूचा पदर सावरून, वाकून नमस्कार.

इकडे माणसं, गुरं, कोंबड्या सगळी जागच्या जागी आहेत. आपली, वहिनींची आणि आपल्या गुडघ्याची प्रकृती कशी आहे ते सविस्तर कळवावे. (गुडघ्याचं वेगळं विचारते, कारण मागल्या पत्रात आपण वहिनींबद्दल दोन ओळी आणि गुडघ्याबद्दल सव्वा पान लिहिलं होतं.) उंब्रजला उन्हाळा लवकर सुरू झाला असेल, तर दुपारी दुकानात बसताना डोक्याला ओला पंचा ठेवत जावा. आपण आमच्या वडिलांच्या जागी आहात, आपल्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही. आता हे पत्र लांबणार आहे आणि एवढं सगळं 'आपण आपण' करत माझ्याच्यानं निभायचं नाही, म्हणून इथून पुढं तुला नेहमीसारखं 'तू'च म्हणते. राग मानू नकोस.

दादा, मी जिंकले. आधी एवढं वाचून घे, आणि वहिनीला मोठ्यानं वाचून दाखव. बाकीचं सावकाश सांगते.

मी पंचायतीत मेंबर आहे हे तुला ठाऊकच आहे. (ठाऊक असूनही तू दिवाळीत सगळ्यांसमोर विचारलंस, की बनू, सभेत चहा कोण करतं, तूच ना? करते. पण मेंबर म्हणून करते.) बायकांच्या राखीव जागा भरायची वेळ आली तेव्हा कुणाच्या घरची बाई घ्यायची यावरून गावात भांडण नको, म्हणून तुझ्या दाजींनी स्वतःच्याच घरची घेतली. सरपंच घरात, मेंबर घरात, आणि सभेत एक मत कमी पडलं तर ते चुलीपुढं कायम तयार. अशी सोय लोकांनी केली, त्यांना नावं तरी कशी ठेवायची?

आमचा तलाव तू पाहिला आहेस. दुष्काळात त्याच्या तळाला पाय जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. लोकांनी सरकारी खडी फोडायच्या कामाबरोबर तिथला गाळही उपसला, पुढं पाऊस चांगले झाले, आणि तलाव असा भरला की थंडीत कुठकुठली पाखरं यायला लागली. लांब मानेची, लांब तंगड्यांची, काही तर दिवसभर एका पायावर उभी, जसं काही कुणी शिक्षाच केली आहे. (खरं सांगते, मला त्यांचा फार पुळका नव्हता. करकोचे रानात उतरले की हरभऱ्याचं वाटोळं करतात, आणि हाकलायला गेलं तर आपल्याकडंच असं बघतात की रान त्यांच्या बापाचं.) पण सरकारला पुळका आला. तलाव पाखरांसाठी राखून ठेवला, बंदुकीला बंदी झाली, आणि वर हुकूम आला: भरल्या तलावाचं पाणी जिथवर येतं तिथून पाचशे फुटांच्या आत कुणाला घर, गोठा, गोदाम, देऊळ, काहीही नवं बांधायचं असेल तर गावातल्या तीन माणसांच्या समितीनं जागा बघावी आणि सांगलीच्या साहेबांसमोर बसून हरकत आहे की नाही ते सांगावं. मग पुढं कागद हलेल.

ह्या हुकमाखाली पहिला अर्ज कुणाचा आला? पंचायतीचा. म्हणजे सरपंचांचा. म्हणजे ज्यांना मी रोज दोन वेळा भाकरी वाढते, त्यांचा.

तलावाच्या काठाला, अगदी पाण्यात पाय सोडून बसता येईल असं दोन मजली विश्रामगृह बांधायचं. वर गच्ची आणि गच्चीवर वेताच्या खुर्च्या. तुझ्या दाजींचं गणित असं होतं, की मोठी माणसं पाखरं बघायला येतील, गच्चीवर बसतील, कोंबडी खातील, आणि खाता खाता आमच्या रस्त्याच्या कागदावर सही करतील. (पाखरं बघत बघत कोंबडी खाणं मला चमत्कारिक वाटतं, पण मला राजकारणातलं कळत नाही.) कुंडलचा सयाजी कंत्राटदार रोज मोटारसायकलवरून येऊन अंगणात काठीनं खोल्या आखायचा, आणि त्या आखलेल्या खोल्यांतून मला म्हैस बाहेर काढायला लागायची. अर्ज सांगलीला पोचायच्या आधीच कुंडलच्या पाथरवटाकडून कोनशिला घडवून आली. काळ्याभोर दगडाची, माझ्या छातीएवढी उंच. वरती 'विश्रामगृह', मध्ये 'शुभ हस्ते' आणि रिकामी जागा, आणि सगळ्यात खाली, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, सरपंचांचं नाव. दाजी रोज सकाळी ती ओल्या फडक्यानं पुसायचे. आमच्या लग्नातला फोटो इतकी वर्षं भिंतीवर आहे, त्याला कधी फडकं लागलेलं मी पाहिलं नाही.

समिती नेमायचं काम सरपंचांचं. पहिले नेमले आकाराम हवालदार. तोफखान्यात नोकरी झाल्यामुळे ते दोन्ही कानांनी रिटायर झालेले आहेत. दुसरा सिद्धू, मेंढरांवाला. तो माणसांशी महिन्यातून एखाद वेळा बोलतो, तेही मेंढरांविषयी. आणि तिसरी मी. म्हणजे एकाला ऐकू येत नाही, एक बोलत नाही, आणि एक बायको. दाजी मिशीवरून हात फिरवत सयाजीला म्हणाले, "आशी समिती साऱ्या जिल्ह्यात गावायची न्हाई."

हे मात्र त्यांचं अगदी खरं निघालं.

आता मी विरुद्ध का गेले ते सांगते, नाहीतर तुला वाटेल मी संसारात काहीतरी राग धरून होते. झालं असं, की एके दिवशी घाटावर धुणी धुताना दगडाबाईनं विचारलं, "बनुबाई, ती गच्ची कुनीकडं तोंड करून येणार गं?" मी म्हटलं, तलावाकडं. "म्हंजी आपल्या घाटाकडंच की." मी म्हटलं, तसंच. "आन् ते साहेब लोक डोळ्याला लावत्यात, लांबचं जवळ दिसणारं, ते घिऊन येणार का?" मी म्हटलं, दुर्बीण. पाखरं बघायला लागतेच. दगडाबाईनं हातातलं लुगडं खाली ठेवलं. "मंग ती दुर्बीण पाखरांवरच ठिवत्यात का?"

घाटावरचा धुण्याचा आवाज एकदम थांबला. दादा, गावात न्हाणीघरं किती आहेत तुला माहीत आहे. बाकीच्या बायकांना दोन तांबे अंगावर घ्यायला तेवढी ती एक जागा. एवढ्या बायका एकाच वेळी माझ्याकडं बघत होत्या. मला तर अंगावरचा पदर अपुरा वाटायला लागला.

दुसऱ्या दिवशी सिद्धू आमच्या परसदारी आला आणि बोलला. (हेच मुळात नवल.) विश्रामगृहाला तारेचं कुंपण पडणार होतं, आणि उन्हाळ्यात माळावरून त्याची मेंढरं पाण्याला येतात ती वाट बरोबर कुंपणाच्या आत जात होती. "वैनी, वळसा घालून न्ह्यायची म्हंजी निम्मी कोकरं वाटंतच बसत्यात," एवढं म्हणून तो गेला. चहालासुद्धा थांबला नाही.

हे सगळं मी दाजींच्या कानावर घातलं. तुला वाटेल मी सरळ भांडायला उठले, पण नाही, जेवण वाढताना, आमटीची पळी हातात असताना सांगितलं. ते म्हणाले, दुर्बीण फक्त पाखरांकडंच धरायची असा पंचायत ठराव करेल. आणि मेंढरांचं? तर म्हणे मेंढरांना वळण लावायचं. मी पळी पुन्हा भांड्यात ठेवली. दुसऱ्यांदा आमटी वाढली नाही.

मग तालीम झाली. साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी समितीला आमच्या ओट्यावर बोलावलं. दाजींनी सांगितलं, साहेब काही का विचारेनात, आपण फक्त 'व्हय' म्हणायचं. आकाराम हवालदारांना ते ऐकू जाईना. शेवटी असं ठरलं, की दाजींनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली की त्यांनी ओरडून 'व्हय साहेब' म्हणायचं. मग दाजी स्वतः साहेब झाले. जागा चांगली हाय का? थाप. "व्हय साहेब!" इमारत झोकात हुईल का? थाप. "व्हय साहेब!" गोठ्यातली म्हैस बिचकली, शेजारचे लोक काय झालं बघायला आले, पण तालीम पक्की झाली. सिद्धूनंही मान हलवली.

तो हुकूम मात्र मी वाचला होता, दादा. (सातवी पास बाई घरात असली की सगळे कागद तिच्याकडूनच वाचून घेतात, आणि वाचून झालं की ती विसरली असं धरून चालतात.) साहेबांनी समितीला काय विचारायचं ते त्यात छापलेलंच होतं: आपली या बांधकामास काही हरकत आहे काय? आता याला 'व्हय' म्हटलं तर काय होतं, ते तुला सांगायला नको. मला त्या संध्याकाळी हे बोलून दाखवायचं होतं, देवाची शपथ. मी "आवं, ऐकता का," एवढं म्हटलंसुद्धा. पण दाजी म्हणाले, "तू गप, च्या टाक." मी गप्प बसले, आणि चहा टाकला.

सभा देवळात घ्यायची आणि जेवण आमच्या घरी घालायचं, असा त्यांचा बेत होता. मी म्हटलं, हुकमात 'जागेवर' असं लिहिलंय, तिथंच मांडव घाला, पताका लावा, काय थाट दिसेल! 'थाट' हा शब्द त्यांना नेहमी लागू पडतो. माझ्या मनात खरं तर एवढंच होतं, की गावजेवणाची भांडी माझ्या परसात पडू नयेत. (पुढं साहेबांनी मला विचारलं, की बाई, तिथली जमीन कशी आहे हे तुम्हाला आधी माहीत होतं का? मी म्हटलं, जमिनीतलं मला काय कळणार, श्रावणात आमची शेळी तिथं पोटापर्यंत आत गेली होती एवढं आठवतं. पण शेळी काय, कुठंही जाते.)

वरून जमीन वाळलेली दिसत होती. सयाजीनं तिच्यावर मुरूम पसरला, पाणी मारून चोपला, आणि वर मांडव ठोकला. चालताना कापसाच्या गादीवर चालल्यासारखं वाटायचं. सयाजी म्हणे, नवा मुरूम तसाच लागतो. कुंडलहून भाड्याच्या लोखंडी खुर्च्या आणल्या, त्या सगळ्या पाहुण्यांना गेल्या. समितीला खुर्च्या पुरल्या नाहीत, म्हणून सिद्धूनं आपली घोंगडी अंथरली आणि आम्ही तिघं तिच्यावर खाली बसलो. साहेब समोर खुर्चीवर, चकचकीत बूट घालून. त्यांच्या बाजूला सयाजी, त्याची तब्येत तर तुला माहीत आहे. मधोमध कोनशिला उभी केलेली, गळ्यात झेंडूची माळ.

दाजी भाषणाला उठले. भाषण करताना ते डोळे मिटतात, आणि त्यांनी ते मिटले.

पहिल्यांदा मला वाटलं की साहेब वाकून बसलेत. मग बघते तर त्यांचे गुडघे वर आलेले. सुरुवातीला ते घोंगडीवर बसलेल्या आमच्याकडं वरून खाली बघत होते, हळूहळू सरळ समोर बघायला लागले, आणि थोड्या वेळानं तर मीच त्यांच्याकडं खाली बघत होते. दादा, सगळ्या खुर्च्या खाली चालल्या होत्या! ओळीनं, सावकाश, कुणाला धक्का न लागता. साहेब बोलेनात, कारण ते पाहुणे. बाकीचे पाहुणे बोलेनात, कारण साहेब बोलत नाहीत. आणि दाजींचे डोळे मिटलेले. सयाजीची खुर्ची मागच्या दोन पायांवर जास्त खचली, त्यामुळे तो हळूहळू आभाळाकडं बघायला लागला, आणि तोंडावर असा भाव, जसं काही भाषण त्याच्या फार आत पोचलंय. आम्ही तिघं मात्र घोंगडीवर जिथल्या तिथं. हवालदार सगळ्यांना कौतुकानं न्याहाळत होते. त्यांना वाटलं असावं, लोक आदरानं खाली बसतायत.

आणि कोनशिला! ती खालून जायला लागली. आधी खालची कोरी कड गेली, मग सरपंचांच्या नावाची ओळ. उखाण्याशिवाय जे नाव मी लग्नापासून तोंडात घेतलं नाही, ते चिखलानं कान्यामात्रेसकट गिळलं. मी पदर तोंडात कोंबला होता, पण खांदे हलत होते ते काही थांबेनात.

दाजी रंगात आले होते. "साहेब, लोक कायबाय बोलत्यात, पर ही जमीन म्हंजी खडक हाय! निस्ता खडक!" आणि पाय आपटला. तो पाय नडगीपर्यंत आत गेला. त्यांनी डोळे उघडले, आणि नेमका त्याच वेळी सयाजी खुर्चीसकट मागं पडला.

मग जे काही झालं ते लिहिता येणार नाही. पताका खाली आल्या, एका मेंबराची टोपी सापडेना. साहेब उठले ते एका बुटानं. दुसरा आतच राहिला. आत जो तो दुसऱ्याला धरून वर यायला बघे, त्यामुळे दोघंही खाली जात. सिद्धूनं काठी पुढं करून एकेकाला ओढलं, मेंढरू डबक्यातून काढावं तसं, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. साहेबांना उभं राहायला कोरडी जागा एकच उरली होती, ती म्हणजे आमची घोंगडी. ते तिच्यावर आले, पाय पुसला, आणि मला तो माणूस तिथंच आवडला, कारण ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत.

दाजींनी अजून हिंमत सोडली नव्हती. चिखलातला पाय उपसत म्हणाले, "साहेब, समितीला तेवढं इचारून घ्या, म्हंजी आपन मोकळं."

साहेबांनी कागद काढला. "हवालदार, आपली या बांधकामास काही हरकत आहे काय?"

दाजींनी हवालदारांच्या गुडघ्यावर थाप मारली. हवालदार ताडकन उठले, सलाम ठोकला आणि ओरडले, "व्हय साहेब!"

दाजी आधी हसले. मग त्यांचं हसणं जागच्या जागी थांबलं. "न्हाई, न्हाई साहेब, त्यास्नी ऐकू येत न्हाई..."

साहेबांनी जवळ जाऊन मोठ्यानं पुन्हा विचारलं. ह्या वेळी कुणी थाप मारली नाही. हवालदार म्हणाले, "व्हय साहेब!" (त्यांना काय ऐकू आलं आणि काय नाही, हे गावात अजून कुणाला ठरवता आलेलं नाही. मी विचारलं तर ते माझ्या प्रकृतीची चौकशी करतात.)

मग सिद्धू. "आपली हरकत आहे काय?"

"व्हय," सिद्धू म्हणाला. आणि जरा थांबून, "मेंढरांची बी हाय."

राहिले मी. दाजी माझ्याकडं बघत होते. आधी त्या नजरेत हुकूम होता, मग तो गेला. सभेत उभं राहून मी कधी बोलले नव्हते, दादा. घोंगडीचे केस टाचांना टोचत होते. मनात आलं, 'नाही' म्हणावं आणि घरी जावं, भाकरी थापाव्यात, मिटलं. पण समोर पाणी होतं, पाण्यापलीकडं घाट, आणि घाटावर झाडून साऱ्या बायका उभ्या होत्या. एकीच्याही हातात धुणं नव्हतं.

मी म्हटलं, "साहेब, माझी हरकत हाय. ह्या गच्चीवरनं आमच्या बायकांचा घाट दिसतोय. मेंढरांची पाण्याची वाट हितनं जातीया. आन् जमीन कशी हाय ते तुमच्या बुटाला इचारा."

साहेब लिहीत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आणि पक्ष्यांचं काय?"

"पाखरांचं पाखरांनी सांगावं. पर ती हरभरा खात्यात, तेवढं बी लिवा."

ते लिहिलं गेलं. मी वाकून बघितलं. आणि खाली 'समितीची एकमताने हरकत' असं लिहून साहेबांनी सही केली, तसा घाटावरून धपाधप धपाधप आवाज उठला. बायका नुसत्या दगडावर धोपाटणी आपटत होत्या. एवढा गलका झाला की तलावातली सारी पाखरं एकदम उठली, आमच्या डोक्यावरून एक फेरा मारला, आणि पंखांचा वारा मांडवाच्या कापडाला लागला. दादा, खरं सांगते, हरभऱ्याचा राग मी त्या वेळेपुरता विसरले. आपल्या गावावर इतकी पाखरं आहेत, हे मला तोवर कुणी वर बघून दाखवलंच नव्हतं.

जेवण बांधावर झालं. आचाऱ्यानं पातेली आधीच वर खडकावर ठेवली होती. सगळे पोटभर जेवले, फक्त दाजी जेवले नाहीत.

त्यानंतर ते गावातच त्यांच्या बहिणीकडं, मनुबाईकडं राहायला गेले. मनुबाई मला येऊन बोलून गेली, "वैनी, भर सभेत माझ्या दादाचं नाक कापलंस." मी तोंड वर करून उत्तर दिलं खरं, पण ती गेल्यावर दार लावून बसले. घाटावर बायका माझ्यासाठी जागा सोडायला लागल्या होत्या, आणि घरात ताट एकच मांडायचं होतं. जिंकल्यावर असं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सिद्धूनं ती कोनशिला उपसून काढली आणि कुठं ठेवू म्हणून विचारायला आला. मेंढरांच्या वाटेवर एके ठिकाणी चिखल होतो, तिथं पायरी म्हणून टाक म्हटलं. पण टाकली तेव्हा मी स्वतः जाऊन बघून आले. नाव खालच्या बाजूला आहे. मेंढरांचा पाय त्याला लागत नाही.

मग सांगलीहून जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांचं पत्र आलं, सरपंचांच्या नावानं. आता ते वाचायला सातवी पास माणूस हवं. मनुबाईकडं तसं कुणी नाही. संध्याकाळी दाजी दारात येऊन उभे राहिले, पाकीट पुढं केलं आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "वाच." मी हात पुसले, चष्मा पुसला, चष्मा पुन्हा पुसला, आणि वाचलं. लिहिलं होतं, की स्वतःच्याच पंचायतीच्या अर्जावर निःपक्षपाती समिती नेमणारा आणि तिचा नकार शिरोधार्य मानणारा असा सरपंच जिल्ह्यात दुसरा नाही, सबब त्यांचा जाहीर सत्कार करण्यात येईल. दाजी म्हणाले, "पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचलं. मग ते ओट्यावर टेकले, आणि मिशी चाचपत मला म्हणाले, "तू जेवलीस का?" इतकी वर्षं हा प्रश्न मी त्यांना विचारत आले, दादा. मी उठून दोन ताटं मांडली.

सत्कार सांगलीला झाला. शाल, हार, नारळ. (नारळ मला धरायला दिला.) दाजींनी डोळे मिटून भाषण केलं, की मीच माझ्या घरच्या मंडळींना बजावलं होतं, नात्यागोत्याकडं बघू नका, हरकत असली तर बेधडक घ्या. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. बुटाचे साहेब माझ्या पुढच्याच रांगेत होते, त्यांचे खांदे हलत होते. निघताना त्यांनी एक कागद माझ्या हातात दिला: समितीचं अध्यक्षपद आता माझ्याकडं. आता गावात कुणाला काठाला साधी पानपट्टी टाकायची झाली तरी आधी माझ्या उंबऱ्याशी येऊन 'आवं बनुबाई' म्हणावं लागतं, आणि मी त्यांना बसायला पाट देते, पण उत्तर लगेच देत नाही.

असा सगळा आनंद आहे. वहिनीला नमस्कार, पोरांना माझा हात डोक्यावरून. चैत्रात जत्रेला यावं, बोकड ठरलेला आहे.

तुझी,
बनू
(अध्यक्ष, बांधकाम पाहणी समिती, बेलतळे)

ता. क. एक लिहायचं राहिलं. काल सयाजी कंत्राटदार पेढे घेऊन आला होता. तलावाच्या उत्तर काठाला वीटभट्टी घालायचा अर्ज आला आहे. तलावाचा गाळ तिथं आयता, हे खरं. अर्जदार हरणाबाई, राहणार उंब्रज. मी म्हटलं ही कोण हरणाबाई? मग आठवलं. दादा, तुझ्या सासूबाई दोन वर्षं झाली खाटेवरून उठत नाहीत, त्यांना ह्या वयात वीटभट्टीची हौस कुठून आली? सयाजीच्या तोंडात पेढा होता, तशातच तो बोलून गेला, "म्हातारीचं निस्तं नाव वो, भागीदार तुमचं दादाच की. समिती घरचीच हाय म्हनून बिनघोर हायती." मी त्याला आणखी एक पेढा दिला आणि बाकीचंही काढून घेतलं.

ता. क. दुसरा. तुझे दाजी हे ऐकून फार खूश झाले आहेत, पण तू समजतोस त्या कारणानं नव्हे. सत्कारापासून त्यांना दुसरा निवाडा हवा आहे. परक्याला नकार दिला तर हार कोण घालतंय? सख्खा मेहुणा म्हटल्यावर त्यांनी आजच फेटा धुवायला टाकला.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं ह्यासाठीच लिहिलं. अर्ज मुकाट्यानं मागं घे, आणि उंब्रजच्या भट्टीवरच्या एक ट्रक विटा पाठवून दे. पक्क्या भाजलेल्या, कच्च्या नकोत. घाटावर बायकांच्या आंघोळीला भिंत घालायची आहे. ती जागा पाचशे फुटांच्या आतच येते, पण ते बांधकाम नव्हे, आडोसा आहे, असं समितीनं ठरवलं आहे. अर्ज माझा होता, पाहणी मीच केली, आणि माझी काही हरकत नाही. विटा शनिवारपर्यंत याव्यात. सोमवारी समितीची बैठक आहे, आणि बैठकीत मी कुणाची बहीण नसते.